पाणमांजराचं म्हणणं

"मानवाच्या इतिहासात आज प्रथमच निसर्ग स्वतः बोलणार आहे!" प्रांतसाहेबांनी गर्जना केली, आणि माइक बंद पडला.

खाडीत जेट्टी बांधायला आता तिथल्या जनावरांचीही संमती लागे. म्हणून म्हातारं पाणमांजर गळ्यात भाषांतरयंत्र घालून खुर्चीवर बसलं होतं. अनसूया तांडेलची कालवं काढायची खडपं, म्हणजे खाडीकाठचे खडक, जेट्टीखाली जाणार होती. तिला मात्र कोणी विचारलं नव्हतं.

"नीट बोल रं बाबा," ती मागून म्हणाली.

"जेट्टी नको," पाणमांजर म्हणालं. "ही खडपावर येते, माझ्यासाठी बांगड्याचं डोकं ठेवते. हिच्याशी भांडल्याशिवाय मला जेवण जात नाही."

अनसूयाने पदर डोळ्यांना लावला. साहेबांनी नकार नोंदवून घेतला. "आणखी काही म्हणणं?"

"हिला सांगा, डोकी पुरे झाली. मधला तुकडा ठेवत जा म्हणावं."