दुसरा पाय

उजवी चप्पल काढून तिने खुर्चीखाली सरकवली, मान वर केली, आणि चर्चच्या शेवटच्या बाकावर तिला नवरा दिसला.

कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस. शेजारच्या म्हातारीला सरकून जागा देत होता. म्हातारी काहीतरी म्हणाली, तो हसला. चारचौघांत तो कायम असाच, साखरेत घोळलेला. मग त्याने वेदीकडे पाहिलं, खुर्च्यांच्या रांगेत तिला शोधलं आणि अंगठ्याने बाहेरचं दार दाखवलं. हे संपलं की चल.

हे गाव त्याला कुणी सांगितलं?

पवित्र गुरुवारची मिस्सा, चर्चमधली मोठी उपासना, चालू होती. शेवटच्या जेवणाला प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून या दिवशी फादर गावातल्या बारा जणांचा एकेक पाय धुतात. तिला त्या बारांत बसायचंच नव्हतं. पण घरमालकीण मावशीने ऐकलं नाही. "अगं, पायच तर धुवायचेत. लग्न नाही लावायचं कुणाशी," असं म्हणून तिने तिला शिलाई मशीनवरून उठवून आणलं होतं. तीच मावशी आता खांद्यावर टॉवेलांची चळत घेऊन फादरांच्या मागे मागे सरकत होती. गायकवृंद हळू आवाजात गात होता.

फादर म्हातारे. प्रत्येक खुर्चीपुढे गुडघा टेकवताना एकदा कण्हायचे, उठताना दोनदा. पोस्टमनचा पाय हातात घेतला तसा तो कळवळला, "फादर, गुदगुल्या होतात हो!"

"मग हस की. देवाला चालतं."

पुढची बाकं हसली. शेवटच्या बाकावरचाही हसला. तिची नजर मात्र दारावर होती. उठून पळावं तर मधली वाट सरळ त्याच्याच बाकाशी जात होती. बसून राहावं तर हे संपताच तो दाराशी उभा असणार होता.

फादर तिच्यापुढे टेकले. तिचा पाय त्यांनी हातात घेतला आणि थबकले. पावलावर इस्त्रीच्या टोकाचा डाग होता, टोकदार, गुळगुळीत. नुसती इस्त्री हातून पडली तर असा स्वच्छ ठसा उमटत नाही. फादरांनी त्यावर पाणी ओतलं. वर पाहिलं नाही.

"पाय बर्फ झालाय तुझा," ते पुटपुटले. "काय गं?"

"नवरा आलाय." तिला स्वतःचाच आवाज ऐकू येईना. "शेवटचं बाक. पांढरा शर्ट."

मावशीच्या खांद्यावरून एक टॉवेल खाली घसरला. तो उचलायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

फादर पाय पुसत होते, बोटाबोटांमधून, सावकाश. "मागच्या दाराची किल्ली कुणाकडे आहे?"

"माझ्या कमरेला," मावशी म्हणाली.

"हिला सिस्टरांकडे ने. मी त्या टोकाला पोचलो की. आधी नाही."

बाकीच्यांचे पाय धुऊन झाले. फादर उठले, पण वेदीकडे वळलेच नाहीत. एका हातात घंगाळ, एका हातात तांब्या, असे ते मधल्या वाटेने निघाले. पाणी हिंदकळून त्यांच्या झग्यावर सांडत होतं. अख्खं चर्च मान वळवून बघू लागलं.

शेवटच्या बाकाशी ते थांबले. "आज आपल्याकडे पाहुणा आहे," ते मोठ्याने म्हणाले. "त्या रात्री प्रभूने एकालाही वगळलं नव्हतं. बूट काढ, बाळा."

"नको फादर, मी आपला सहज..."

"माझे गुडघे टेकून झालेत. आता मला रिकाम्या हाती उठवतोस?"

शेजारच्या म्हातारीने त्याला कोपराने ढोसलं. सगळे बघत होते. तो हसला, लाजल्यासारखं केलं, आणि खाली वाकून बुटाची नाडी सोडू लागला.

"ऊठ," मावशी म्हणाली.

मावशीने दंडाला धरून तिला खेचलं. वेदीमागच्या, फादरांचे झगे टांगलेल्या खोलीच्या दारात तिने मागे वळून पाहिलं. नवऱ्याची मान वर आली होती. त्याला तिची रिकामी खुर्ची दिसली, मग ती दिसली. तो अर्धवट उठला. फादरांनी दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरून ठेवला होता.

"पुरे फादर." आवाज अजून गोडच होता, पण तिला तो आवाज माहीत होता. त्याच्यानंतर काय येतं तेही.

"बस, बस," फादर म्हणाले. "दुसरा पाय राहिलाय."

मागची गल्ली अरुंद होती. चप्पल आतच राहिली होती, एक पाय दगडांवर अनवाणी पडत होता. मावशीने सिस्टरांच्या घराचं दार ठोठावलं. आतून कुणी येईना. सगळ्या मिस्सेला गेलेल्या, घरात फक्त आजारी म्हातारी सिस्टर. मावशीने पुन्हा ठोठावलं. आत कुठेतरी पलंग करकरला. काठी टेकत कुणीतरी येऊ लागलं.

तेवढ्यात चर्चमधलं गाणं संपलं.

तिने मावशीचा हात घट्ट धरला. पाय धुणं चालू असेतोवरच ते गाणं गातात, हे तिला ठाऊक होतं. दोघी दाराला पाठ लावून, गल्लीच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. आत काठी टेकत टेकत जवळ येत होती.

मग गायकवृंदाने तेच गाणं पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं. या वेळी अख्खं चर्च गात होतं.