हिरवा दिवा

मुलांनो, सुरतेतलं एक मोठं साडीचं दुकान डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाइकाला प्रसन्न वाटावं म्हणून तिथे नवा कॅमेरा बसवलाय. साडी दाखवणारी बाई हसली की हिरवा दिवा लागतो, नाही हसली की लाल. पायलची आई तिथेच कामाला आहे. तिचा दिवा नेहमी हिरवा असायचा.

मग पायलचे पप्पा गेले. दहावं उरकून आई कामावर गेली, तर दिवसभर दिवा लालच. संध्याकाळी शेठ म्हणाले, "योगिताबेन, मैं तो समझता हूँ, मशीन नहीं समझता. कल भी लाल रहा तो मत आना."

सुरतेतल्याच नवागामच्या खोलीवर येऊन आईने हे पायलला सांगितलं, तेवढ्यात दार वाजलं. खानदेशातल्या गावाकडून बायका भेटायला आल्या होत्या. आमच्या खानदेशात दुखवट्याला आलेल्या प्रत्येकीच्या गळ्यात पडून घरच्या बाईला रडावं लागतं. जी रडत नाही, तिला लोक नावं ठेवतात.

"दार उघड वं माय," बाहेरून कलामावशीचा रडवेला आवाज आला.

"थांब ना मावशी, आई साडी बदलतेय!" पायल आतून ओरडली.

आणि मग तिने काय केलं, माहीत आहे? कडी घट्ट लावली. पप्पांचा दाढीचा आरसा आईसमोर धरला. फ्रॉकने स्वतःचे डोळे पुसले आणि आधी आपणच हसून दाखवलं.

"असं, आई. दात दिसू दे."