मोरा बंदरावरची माडी

अभिराम केळुसकरांची दृष्टी गेली, तेव्हापासून त्यांची बायको गीतांजली त्यांना कादंबऱ्या वाचून दाखवायची. त्यांचा आवडता लेखक जिथे जिथे राहिला, ती गावं दोघांनी रेल्वेनं हिंडून पाहिली होती. प्रत्येक ठिकाणी बसून ती त्याच्याच पुस्तकातलं एखादं प्रकरण वाचायची. त्याचं मोरा बंदरावरचं घर तेवढं राहिलं आणि आषाढात ती गेली.

दिवाळीनंतर त्यांची मुलगी अबोली त्यांना घेऊन नेरूळहून उरणच्या गाडीत बसली. पुढे रिक्षानं दोघं बंदरावर आली. लेखक पूर्वी भाड्यानं राहायचा, ते घर आता जाहिदाबींचं होतं.

"वर काही नाही हो, रिकामी खोली आहे," त्या म्हणाल्या. "जाऊन बघा."

अबोलीनं वडिलांना हाताला धरून माडीवर नेलं. अभिराम दारातच थांबले.

"पानं कोण उलटतंय?"

"कुणी नाही, बाबा. खिडक्या पण बंद आहेत."

जाहिदाबी जिन्यातच उभ्या राहिल्या होत्या.

"तुमाला पण येतो आवाज?" त्यांनी हळूच विचारलं. "पावसाळ्यापासून सुरू झालाय. कुणीतरी पान शोधत असल्यासारखा."

सळसळ थांबली. मग खोलीत कुणीतरी घसा साफ केला. वाचायला सुरुवात करण्याआधी गीतांजली करायची, अगदी तसाच.

अबोलीनं वडिलांचा दंड घट्ट धरला. "बाबा, खाली चला ना. प्लीज."

अभिरामांनी तिची बोटं सावकाश सोडवली आणि भिंत चाचपत ते जमिनीवर बसले.

"एवढं प्रकरण होऊ दे," ते म्हणाले.