सरळ रेघ

"ही रेघ बघा," साहेब पडद्याकडे काठी रोखून म्हणाले. "वर्षभर सरळ. एकही नमुना नापास नाही."

गणिताच्या बाई खुर्चीवरून ताडकन उठल्या. पाणीखात्याच्या त्या सभागृहात अर्धी गल्ली जमली होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी आजारी होतं. बाईंची धाकटी जाऊ त्यांच्याच घरात खालच्या मजल्यावर राहायची. तिची लेक, सगळ्यांची भिंगरी, काविळीनं दवाखान्यात होती. एरवी एका जागी न बसणारी पोर आता कूससुद्धा बदलत नव्हती, आणि डॉक्टर कालपासून धड काही बोलत नव्हते.

"किती घरांचं पाणी तपासता?" बाईंनी विचारलं.

"गल्लीतलं एक घर. दर सोमवारी."

"एकच?"

"पाइप सगळ्यांचा एकच आहे ना, बाई. शितावरून भाताची परीक्षा!" साहेब हसले. "एक जरी नमुना नापास झाला असता, तर दुसऱ्या दिवशी रस्ता खोदून पाइप बदलला असता. त्याशिवाय खोदता येत नाही."

"मग ते शीत दाखवा! कुणाचं घर?"

"पत्ता सांगता येत नाही. नियम आहे."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई शाळेतून रजा घेऊन सभेला निघाल्या, तेव्हा सासूबाईंनीही असंच डोकं फिरवलं होतं. "पाण्यानं कसली आलीय कावीळ? पोरगी बाहेरचं अरबटचरबट खाते, दुसरं काय! आणि येताना बिस्किटं आण, आज सोमवार." सोमवारी बाई शाळेत असताना सासूबाईंची कुणी मैत्रीण यायची बहुतेक. बाईंनी जीभ चावून पिशवी उचलली होती. वरच्या मजल्यावर, आपल्या घरात, त्यांनी स्वतः फिल्टर बसवला होता, म्हणून वरचे सगळे ठणठणीत होते. जावेच्या मागे लागून खालीही बसवायला हवा होता, हे त्यांना रोज टोचायचं.

"पत्ता सांगता येत नाही, कारण ते घरच नाही!" बाई कडाडल्या. "माझ्या वर्गातलं पोरगंसुद्धा विचारेल, आकडा आला कुठून? तुमचा आकडा इथेच खुर्चीत बसून येतो. पाणी भरून आणतो तो माणूस कोण? उभा करा त्याला!"

मागच्या रांगेतून पिकल्या केसांचा एक माणूस गुडघा धरत उठला. "मीच तो. बाई, देवाशपथ सांगतो, दर सोमवारी जातो. जिना चढवत नाही, तरी जातो. त्या घरची माणसं इतकी—"

"इतकी काय? अदृश्य?"

सभागृह हसलं. मग कुणीतरी "चोर!" म्हणून ओरडलं आणि हसणं थांबलं. त्या माणसानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पडद्याकडे.

"चौकशी होईल," साहेब घाईघाईनं म्हणाले. "तोवर हे कामावर येणार नाहीत."

टाळ्या पडल्या. तो माणूस गुडघा धरत बाहेर निघाला, पण बाईंना दया आली नाही. अशाच एका कामचुकारामुळे भिंगरी तिकडे पडली होती. बरं झालं, मेल्याची खोड मोडली!

घरी आल्या तेव्हाही त्यांचे कान तापलेलेच होते. दाराशी खुर्ची मांडलेली होती आणि तिच्याजवळ झाकून ठेवलेला कप.

"आणलीस बिस्किटं?" सासूबाईंनी विचारलं. "राहू दे आता. ते आज आलेच नाहीत."

"कोण?"

"अगं, पाणी तपासायला येतात ते. कुणाला सांगू नका म्हणतात, म्हणून तुलाही बोलले नाही. फार भला माणूस. गुडघा दुखतो बिचाऱ्याचा, म्हणून मी दाराशीच बसवते, चहा देते. बाटली आतून मीच भरून आणते."

बाईंनी पिशवी खाली ठेवली.

"कुठून भरता?"

"फिल्टरमधून, आणखी कुठून?" सासूबाई म्हणाल्या. "गणिताच्या बाईंच्या घरचं पाणी नापास होऊ देईन होय मी?"