फावड्याचा घाव

या, असे जवळ सरकून बसा, एक गोष्ट सांगतो. सुट्टीच्या सहलीला निघालेल्या जुन्या वाफेच्या इंजिनावर सासरा ड्रायव्हर होता आणि त्याला मामा म्हणणारा जावई कोळसा टाकायला. गाडी फोटोसाठी थांबली, तेव्हा सासऱ्याने पाहिलं की बॉयलरमधलं पाणी पार आटलंय आणि घाबरलेला जावई गार पाणी सोडायला धावलाय. वाफेच्या गोंगाटात हाक ऐकू जाईना, म्हणून त्याने फावडं हाणून जावयाचं मनगटच मोडलं.

"मामा म्हणतोय तो तुला, थेरड्या!" असं म्हणत सहलीच्या मंडळींनी त्याला खाली ओढलं आणि श्वास थांबेपर्यंत तुडवलं.

तापलेल्या कोरड्या बॉयलरात गार पाणी शिरलं असतं, तर स्फोटात त्या मारणाऱ्यांपैकी एकाचाही हात शिल्लक राहिला नसता. देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या म्हाताऱ्याची आठवण ठेवा.