चकरेचं बटण

शर्वाणीच्या कानामागे बसवलेल्या यंत्राने तिची जुनी चक्कर थांबवली होती. पण त्याचं बटण काळजीवाहक म्हणून नवऱ्याच्या, हेमंतच्या मोबाइलमध्ये होतं. आज भांडण झालं आणि ती बहिणीकडे निघाली, तसं त्याने यंत्र बंद केलं. घर गरगर फिरू लागलं. ती कोसळली.

"आता जा बघू!" तो हसला.

शर्वाणीच्या अंगाचा तिळपापड झाला. पूर्वी डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे तिने दाराच्या कडीवर नजर रोखली आणि ओकारी गिळत भिंतीच्या आधाराने उठली.

"अगं, पडशील!"

"पडेन! पण तुझ्या बोटाच्या तालावर आता नाचणार नाही."

कठडा धरून ती जिना उतरली. रिक्षात बसल्यावर तिने बहिणीचा नाही, पोलीस चौकीचा पत्ता सांगितला.