दगडातला पाहुणा

“मासे कुठे आहेत, वहिनी?” शेजारच्या वऱ्हाडपांड्यांनी विचारलं आणि नलूताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भर नागपुरात, दिवाणखान्यात चार फुटी काचेची टाकी. आत खारं पाणी, वाळू आणि समुद्रातून मागवलेला भलामोठा दगड. बास. “लोणच्यासारखं पाणी आधी मुरू द्यावं लागतं,” असं म्हणत यजमान महिनाभर टाकीसमोर ठाण मांडून होते.

“कसले मासे, दगड आहे नुसता,” नलूताई म्हणाल्या.

दुपारी यजमान बाजारात गेले. काच पुसता पुसता नलूताईंना दगडाच्या भोकात दोन डोळे दिसले. मागोमाग नखाएवढा खेकडा बाहेर आला आणि दगडावरचं शेवाळ दोन्ही नांग्यांनी भराभर तोंडात कोंबू लागला, थेट पंगतीला बसल्यासारखा. दगडातून न सांगता आला होता आणि महिनाभर आत दडून होता लबाड.

नलूताईंच्या कानात वारं शिरलं. “अहो, असाल तसे घरी या,” त्यांनी फोनवर सांगितलं.

यजमान घाबरून हेल्मेटसकट आत धावले, तर बायको टाकीसमोर फरशीवर पालथी. “हळू. जेवतोय तो.” तेही हेल्मेटसकट शेजारी पालथे झाले. मग दोघांना जे हसू फुटलं ते आवरेचना.

हसणं ऐकून वऱ्हाडपांडे चपलांसकट आत आले, तोवर खेकडा भोकात पसार. “दगडच तर आहे,” ते म्हणाले.

“दगड काय म्हणता, भाऊजी?” नलूताई फणकारल्या. “घर आहे ते त्याचं. आधी चपला काढा.”